अ‍ॅपमध्ये अक्षांश-रेखांश मराठीत कसे दाखवावेत? जाणकारांनी सांगा

घाटवाट | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या ट्रेकच्या ग्रुपसाठी एक छोटं अ‍ॅप करतोय. काम एकच. डोंगरात वाट चुकली, कुणी पडलं, तर 'मी इथे आहे' हे फोनवर मोठ्या आकड्यांत दिसावं आणि पलीकडच्याला सांगता किंवा पाठवता यावं. घाटात नेट मिळत नाही, नकाशा उघडत नाही. पण जीपीएसला नेट लागत नाही, आकाश मोकळं असलं की आकडे मिळतात. म्हणून सगळी भिस्त त्या आकड्यांवर.

हे मनावर घेतलं त्याला कारण घडलं. मागच्या पावसाळ्यात आमच्यातली दोन पोरं धुक्यात मागे राहिली आणि भलत्याच सोंडेवर उतरली. त्यातल्या एकाच्या फोनची भाषा मराठी. माझं अ‍ॅप तेव्हा अगदी कच्चं होतं. रेंज येत-जात होती. त्याने 'पाठवा' दाबलं, मेसेज आला, मी लिंक उघडली तर नकाशा आला पण ठिकाणच दाखवेना. लिंकमधले आकडे देवनागरीत गेले होते. मग फोन लागला तेव्हा आकडे विचारून घेतले. तो म्हणाला एकतीस मिनिटं, मी लिहिलं एकवीस. पलीकडे वारा, पाऊस, आवाज तुटतोय. खूण पडली ती तो होता तिथून अठरा किलोमीटर दक्षिणेला. एवढ्या वेळात पोरं तिथे पोचणं शक्यच नव्हतं, म्हणून पुन्हा विचारलं आणि चूक कळली. संध्याकाळी दोघं सुखरूप भेटली. पण तो वाया गेलेला पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाही.

आता नीट करायचंय. पुण्यातली एकच जागा तीन तऱ्हांनी लिहितो:

१८.५२०४, ७३.८५६७
१८° ३१.२२′ उ., ७३° ५१.४०′ पू.
१८° ३१′ १३″ उ., ७३° ५१′ २४″ पू.

यातलं कोणतं ठेवू? आकडे मराठी की इंग्रजी? आणि 'उ.', 'पू.' पुरे की 'उत्तर', 'पूर्व' पूर्ण लिहू?


अर्धविराम | शनिवार, रात्री १०:१५

लिंकचं आधी सांगतो, कारण यात मी स्वतः दोन दिवस घालवलेत.

कुठल्या भाषेत आकडे, तारखा कशा लिहायच्या याची माहिती यूनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहातून येते. त्यात मराठीची मूळ अंकपद्धती देवनागरी आहे. हिंदीची मात्र इंग्रजी अंकांची. म्हणून फोन हिंदीत ठेवून तपासलं तर सगळं सुरळीत चालतं आणि मराठी केला की बिघडतं. संख्येचं अक्षरांत रूपांतर करताना भाषा सांगितली नाही, तर जावा किंवा कॉटलिन या प्रोग्रामिंगच्या भाषांमधली नेहमीची फॉरमॅटची आज्ञा फोनची भाषा उचलते. तुमच्या लिंकमध्ये तेच झालं.

उलट दिशेलाही खड्डा आहे. जावात पूर्ण संख्या वाचणारी आज्ञा देवनागरी '१८' बिनतक्रार वाचते, पण अपूर्णांक वाचणारी '१८.५२' ला थेट चूक म्हणून परत पाठवते. म्हणजे चाचणीत पूर्ण संख्या दिली तर सगळं ठीक वाटणार आणि खरे आकडे आले की अ‍ॅप कोसळणार.

इलाज सरळ आहे. माणसासाठी एक मजकूर, यंत्रासाठी दुसरा. एकातून दुसरा कधीही बनवायचा नाही, दोन्ही मूळ संख्येतूनच बनवायचे. लिंक, फाइल, सर्व्हर यांच्यासाठीचा मजकूर बनवताना भाषा ठासून इंग्रजी किंवा 'रूट' (म्हणजे कुठलीच विशिष्ट भाषा नाही) द्यायची. ठिकाणाच्या लिंकचं 'जिओ:' हे प्रमाण २०१० सालचं आहे. त्यात इंग्रजी अंक, टिंब, आधी अक्षांश मग रेखांश, आणि दिशेऐवजी दक्षिण-पश्चिमेसाठी उणे चिन्ह, असंच चालतं. पडद्यावर मराठीत काय दाखवायचं ते मग तुम्ही मोकळेपणाने ठरवा.


पायथा | शनिवार, रात्री १०:३२

दशांशच ठेव. नकाशाच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये तोच चिकटवता येतो. बाकीचं शाळेत सोडलं आपण.


दर्यावर्दी | शनिवार, रात्री ११:०५

पायथा, तुमच्याकडे सोडलं असेल, आमच्याकडे रोज लागतं. आम्ही रत्नागिरीकडचे, घरची बोट आहे. बोटीवरच्या जीपीएसमध्ये अंश आणि मिनिटाचे दशांश, म्हणजे घाटवाट यांची मधली तऱ्हा. समुद्रात ती सोयीची, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. वडील नुसते आकडे ऐकून सांगतात, "तीन मिनिटं वर, म्हणजे तीन मैल." हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासे कुठे मिळतील याची जी सूचना येते तिच्यातही अंश आणि मिनिटं असतात, आणि ती मराठीतूनही येते.

पण एक धोका सांगते. मिनिटांचा आकडा कुणी अंशाचा दशांश समजून टाकला तर काय होतं ते तुमच्याच उदाहरणावर बघा. १८° ३१.२२′ ला १८.३१२२ वाचलं आणि ७३° ५१.४०′ ला ७३.५१४० वाचलं, तर पुण्याची खूण तोरण्याच्याही पश्चिमेला घाटाच्या कडेला जाते. चाळीस किलोमीटरच्या वर चूक. आणि बघणाऱ्याला संशयही येणार नाही, कारण तिथे खरंच डोंगर आहेत, तिथे माणसं खरंच हरवतात.

म्हणून कोणतीही तऱ्हा घ्या, पण '°' आणि '′' ही चिन्हं गाळू नका. मेसेजमध्ये नुसतं '१८ ३१.२२' असं कधी जाऊ देऊ नका.


तिथी | रविवार, सकाळी ७:२०

एक सुचवू का? आपल्याकडे यासाठी शब्द आधीपासून आहेत. पंचांगात ग्रह राशी, अंश, कला, विकला असेच लिहितात. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा. 'मिनिट' म्हटलं की लोकांना घड्याळ आठवतं. माझ्या भावजयीने एकदा नकाशावर '१८:३१:१३' पाहिलं आणि संध्याकाळी साडेसहाची वेळ समजून बसली. 'अठरा अंश एकतीस कला' म्हटलं तर हा घोळच नाही.


चाळिशीपार मास्तर | रविवार, सकाळी ९:१०

तिथीताई, शब्द सुंदर आहेत आणि अर्थाने अगदी अचूक. पण चाळीस वर्षं भूगोल शिकवला, पाठ्यपुस्तकात मी कायम 'अंश, मिनिटे, सेकंद'च पाहिले. मुलांच्या कानावर तेच आहे. दरीत अडकलेल्या पोराने पडद्यावर 'कला' वाचलं तर आधी तो ते काय आहे ते विचारील. घड्याळाशी गोंधळ होतो तो मधल्या विसर्गासारख्या ठिपक्यांमुळे. ते ठिपके काढा, शब्द राहू द्या.

दिशांचं म्हणाल तर मराठी विश्वकोशात गावांच्या नोंदींत 'उ.' आणि 'पू.' अशीच संक्षिप्त रूपं आहेत आणि वाचकाला ती कळतात. पण 'पू.' आणि 'प.' यांच्यात फरक किती? एक ऊकार. लहान पडद्यावर, ओल्या काचेतून, चष्मा नसताना तो दिसत नाही. भारतात पश्चिम रेखांश लागणार नाही हे खरं, तरी 'उत्तर', 'पूर्व' पूर्ण लिहायला जागा आहे तर लिहावं.

आता मला खरं सांगायचंय ते वेगळंच. घाटवाट, तुमच्या पोरांचा पाऊण तास तुमच्या अ‍ॅपने नाही घालवला, आपल्या संख्यावाचनाने घालवला. एकवीस-एकतीस, एकोणपन्नास-एकोणसाठ, त्रेपन्न-त्रेसष्ट, हे वर्गात समोर बसलेल्या मुलांनाही नीट ऐकू येत नाही. मराठीत एकक आधी बोलतो, दशक मागाहून, आणि शब्दाचं जे शेपूट वाऱ्यात विरतं त्यातच दशक असतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी स्वतः त्या बदलाच्या बाजूचा नव्हतो, कारण घरी-दारी मूल एकवीसच ऐकणार आहे. पण तो बदल सुचवणाऱ्यांना कोणती अडचण दिसत होती ते तुमची गोष्ट वाचून मला जास्त नीट कळलं.

साठांच्या पद्धतीत एक बरं असतं. मिनिटं कधीच साठ किंवा त्याहून जास्त होत नाहीत, त्यामुळे 'एकोणसत्तर मिनिटं' ऐकलं की चूक तिथेच पकडता येते. पण एकवीस आणि एकतीस दोन्ही चालतात, म्हणून तुम्ही फसलात. तेव्हा एकेक अंक सुटा बोलायचा. "एक आठ पॉइंट पाच दोन शून्य चार." 'अठरा पूर्णांक' वगैरे मी वर्गात शिकवीन, दरीत नाही.


घाटवाट | रविवार, सकाळी ९:४८

सर, हे मला सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस 'कसं दिसावं' याचाच विचार करत होतो, 'कसं बोललं जाईल' याचा नाही. मग सुटे अंक बोलायचे असतील तर दशांशच बरा पडतो ना? अंश-मिनिट-सेकंदात तीन तुकडे, प्रत्येक तुकडा जोडसंख्येचा. माणूस तिथे आपोआप 'एकतीस' म्हणणारच.


टेम्सकाठी | रविवार, दुपारी २:३०

मी लंडनजवळ राहते. तुमचं अ‍ॅप महाराष्ट्रापुरतं असलं तरी कुणीतरी ते बाहेर वापरेलच, म्हणून हे लिहितेय. मी चालण्याच्या वाटांसाठी असंच काहीतरी बनवलं होतं. लंडनचा रेखांश उणे ०.१२७६, म्हणजे पश्चिम. मी आधी अंशाचा पूर्ण भाग काढला आणि मग त्या पूर्ण भागाचं चिन्ह बघून दिशा ठरवली. पूर्ण भाग शून्य. शून्याला चिन्ह नसतं. त्यामुळे माझ्या अ‍ॅपने अख्ख्या मध्य लंडनला ग्रिनिचच्या पूर्वेला नेऊन ठेवलं, खऱ्या जागेपासून सतरा-अठरा किलोमीटर. गंमत बाजूला, हे मला तीन महिने कळलं नव्हतं.

दिशा सगळ्यात आधी, मूळ संख्येवरून ठरवा. मग उणे चिन्ह काढून टाका. मग तुकडे करा. आणि 'पश्चिम' लिहिल्यावर पुन्हा उणे चिन्ह लावू नका, तेही पाहिलंय मी.


अर्धविराम | रविवार, दुपारी ३:१०

टेम्सकाठी यांच्या मुद्द्याला जोडून. १९.९९९९९ ही संख्या अंश-मिनिट-सेकंदात बदलून बघा. बहुतेकांच्या कोडमधून '१९° ५९′ ६०.०″' बाहेर पडतं. सेकंद ५९.९६४ येतात, एका दशांशापर्यंत आणताना त्यांचे ६०.० होतात आणि हातचा मिनिटात जात नाही. तुकडे करून शेवटी पूर्णांकन केलं की हे होणारच. आधी सगळ्याचे सेकंदाचे दहावे भाग करा, म्हणजे ३६,००० ने गुणा, तिथेच एकदा जवळच्या पूर्ण संख्येवर आणा, आणि मग पूर्ण संख्यांचा भागाकार करत सेकंद, मिनिट, अंश काढा. मग २०° ००′ ००.०″ बरोबर येतं.

फोनच्या प्रणालीत यासाठी तयार आज्ञा मिळते, पण मी तिच्यावर विसंबत नाही. मराठी फोनवर तिने मला अंश आणि मिनिटं इंग्रजी अंकांत आणि सेकंद देवनागरीत दिले होते, तेही मधे ठिपके घालून.

बारीकसारीक: अंशाचं चिन्ह म्हणून कीबोर्डवरून भलतंच उचललं जातं. स्पॅनिशमध्ये क्रमवाचक म्हणून वापरतात ते बारीक 'ओ'चं चिन्ह हुबेहूब तसंच दिसतं. मिनिटासाठी अवतरणचिन्ह नको, त्याचं खरं चिन्ह वेगळं आहे. आणि आकडा, चिन्ह, दिशा यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घाला, नाहीतर अरुंद फोनवर 'पूर्व' एकटाच खालच्या ओळीत जातो आणि लोक तो पुढच्या आकड्याचा समजतात.


कातळ | रविवार, रात्री ८:०५

दशांश किती स्थळं दाखवणार? काही अ‍ॅप आठ-आठ दाखवतात, ते चुकीचं आहे. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर. म्हणजे चौथं स्थळ ११ मीटर, पाचवं एक मीटर, सहावं दहा-अकरा सेंटिमीटर. आपल्याकडे रेखांशाचा अंश थोडा लहान, १०५ किलोमीटरच्या आसपास. फोनचा जीपीएस मोकळ्या मैदानात पाच मीटरच्या आसपास अचूक असतो, कड्याखाली किंवा घळीत त्याहून बराच वाईट, कारण लहरी कातळावर आपटून येतात. मग सातवा-आठवा आकडा कशासाठी? फोनवर बोलायचेत ते आकडे. चार पुरे. अकरा मीटरवर माणूस असेल तर हाक ऐकू येते.

त्याखाली 'सुमारे एवढे मीटर इकडेतिकडे' हेही दाखव. फोन स्वतःच तो अंदाज देतो. घळीत तो आकडा साठ-सत्तर झाला की शोधणाऱ्याला कळतं, दोन्ही बाजू बघायच्या.

दुसरं, उलटापालट. काही फाइलींमध्ये, जिओजेसन हे त्यातलं नेहमीचं, आधी रेखांश येतो मग अक्षांश. पुण्याचे आकडे उलटले तर खूण पडते नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात, बेअर बेटाच्या जवळपास. भारतापुरतं हे पकडणं सोपं आहे. आपला अक्षांश ३८ च्या पुढे जात नाही आणि रेखांश ६८ च्या आत येत नाही. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतच नाहीत. तेव्हा हाताने आकडे टाकायच्या खिडकीत ही तपासणी लाव आणि उलटे वाटले तर सरळ विचार, "अक्षांश-रेखांश अदलाबदल झालेत का?"


दर्यावर्दी | रविवार, रात्री ८:४०

कातळ, चार स्थळं मान्य. आणि घाटवाट, मिनिटांची तऱ्हा आमच्यासाठी खाली बारीक अक्षरात तरी ठेवा. किनाऱ्यावर कुणी अडकलं तर मदतीला आधी बोटवालेच येतात, आणि त्यांच्या यंत्रात ती तशीच टाकावी लागते.


सावली | रविवार, रात्री ९:३०

माझ्या बाबांना फार कमी दिसतं, फोन त्यांना वाचून दाखवतो. अशा अ‍ॅपवर तो चिन्हं गाळून नुसते आकडे ओळीने वाचतो, त्यामुळे कुठे अंश संपला ते कळत नाही. पडद्यावरचा मजकूर आणि वाचून दाखवायचा मजकूर वेगळा देता येतो ना? मग वाचनासाठी "अक्षांश, एक आठ पॉइंट पाच दोन शून्य चार, उत्तर" असा शब्दांत द्या. मास्तरांनी सांगितलं ते इथेही लागू पडेल.


पायथा | रविवार, रात्री ९:५५

या सगळ्यापेक्षा डिजिपिन का नाही? टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला ठिकाणाचा संकेतांक, दहा अक्षर-अंकांत चार मीटरची चौकट. अंश-मिनिटं नाहीत, दिशा नाहीत, भानगडच नाही.


कातळ | रविवार, रात्री १०:१२

पत्त्यासाठी उत्तम. पण तो इंग्रजी अक्षरं-अंकांचा आहे, आणि पाऊसवाऱ्यात फोनवरून इंग्रजी अक्षरं सांगणं आकड्यांपेक्षा अवघड. शिवाय जुन्या गाइडच्या हातातल्या यंत्रात तो टाकता येत नाही. दुसरी ओळ म्हणून दाखवायला हरकत नाही.

हो, आणि कुणाकडे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने कागदी नकाशे असतील तर त्यावरचे अक्षांश-रेखांश जीपीएसशी थेट ताडून बघू नका. ते पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या मापनावर काढलेले आहेत. २००५ च्या नकाशा धोरणानंतरचे खुले नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत, तेच जीपीएसचं. जुन्या आकड्यांनी कड्याच्या वरचं टाकं कड्याच्या खाली दिसू शकतं.


घाटवाट | पुढचा शनिवार, रात्री ८:२०

आठवडाभर बसून केलं. आता पडद्यावर असं दिसतं:

अक्षांश  १८.५२०४°  उत्तर
रेखांश  ७३.८५६७°  पूर्व
सुमारे ८ मीटर इकडेतिकडे

दोन ओळी, एकाखाली एक, अंक सगळे सारख्या रुंदीचे आणि थोडे सुटे. त्याखाली बारीक अक्षरात अंश-मिनिटांची तऱ्हा, दर्यावर्दी ताईंसाठी. आकडे फोनच्या भाषेप्रमाणे, आणि एका बटणाने मराठी-इंग्रजी बदलता येतात, कारण आमच्यातल्या काही मुलांना देवनागरी '५' आणि '६' पटकन ओळखता येत नाहीत. हे लिहिताना वाईट वाटतं, पण संकटात शिकवणी नको. मेसेजमध्ये दोन्ही जातं, वर मराठी वाक्य, खाली इंग्रजी अंकांची लिंक, दोन्ही मूळ संख्येतून स्वतंत्र बनवलेली. टेम्सकाठी यांचं उणे शून्य आणि अर्धविराम यांचं ६०.०″ या दोन्ही चाचण्या कायमच्या घालून ठेवल्यात. आकड्यांच्या वर एक ओळ आहे: "एकेक अंक सुटा सांगा. समोरच्याकडून परत वाचून घ्या." सर, ती तुमची.


चाळिशीपार मास्तर | पुढचा शनिवार, रात्री ९:०५

'परत वाचून घ्या' तुम्ही जोडलंत ते फार बरं केलंत. ते मी म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला फोन करून एकदा प्रत्यक्ष करून बघा, जिला यातलं काही माहीत नाही अशा कुणाला.


घाटवाट | रविवार, दुपारी १:१५

करून बघितलं. आज पहाटे सिंहगडावर गेलो होतो, मागच्या पावसाळ्यात चुकलेला तोच पोरगा बरोबर. त्याचा फोन अजून मराठीतच आहे. कल्याण दरवाज्याशी वारा भरपूर होता, म्हणून तिथेच थांबलो. त्याने माझ्या आईला फोन लावला. तिला जीपीएस वगैरे काही माहीत नाही. तो वाचत गेला, "एक आठ पॉइंट तीन सहा…", आणि तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतलं. मधे एकदा "तीन की दोन?" म्हणून तिने स्वतःच विचारलं. शेवटी सगळं परत वाचून दाखवलं. घरी आल्यावर वही उघडून ते आकडे नकाशात टाकले. खूण दरवाज्याच्या पायऱ्यांवर पडली.

लिंकही उघडली. चाचणीची प्रत हवी असेल त्यांनी इथे हात वर करा, विशेषतः ज्यांचा फोन मराठीत आहे त्यांनी.